न फेडलेला नवस: मिनोस राजा आणि त्याचं घराणं

ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’त, अकराव्या सर्गात, कथेचा नायक ओडिसियस मेलेल्यांच्या प्रदेशापर्यंत जाऊन पोचतो. तिथे त्याला एक राजा बसलेला दिसतो. हातात सोन्याचा राजदंड आणि भोवती आत्म्यांची गर्दी. कुणी बसलंय, कुणी उभं आहे, जो तो आपलं गाऱ्हाणं मांडतोय आणि हा निवाडा देतोय. हा मिनोस, देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा, क्रीट बेटाचा राजा. जिवंतपणी न्यायासाठी इतका नावाजलेला, की मेल्यावरही तेच काम त्याच्या वाट्याला आलं.

आता दुसरं चित्र. अथेन्सजवळच्या किनाऱ्यावरून काळ्या शिडाचं जहाज निघालंय. आत सात मुलगे, सात मुली. ही मुलं क्रीटला जाणार, तिथल्या भूलभुलैयात सोडली जाणार आणि माणसाचं धड, वळूचं डोकं असलेला एक प्राणी त्यांना खाऊन टाकणार. ही खंडणी मागणारा राजा कोण? तोच. मिनोस.

हे ग्रीकांनाही खटकत होतं. डायोडोरस नावाच्या इतिहासकाराने त्यावर सोपा तोडगा काढला: मिनोस दोन झाले, आजोबा आणि नातू. न्यायी तो आजोबा, भानगडीवाला तो नातू. वंशावळ जुळेनाशी झाली की अशा गोष्टी सगळीकडेच होतात. मला ही पळवाट वाटते. मिनोस एकच आहे, पण त्याची गोष्ट दोन ठिकाणची माणसं सांगतात आणि त्यांतल्या एका ठिकाणाचं त्याच्याशी हाडवैर होतं. ते पुढे येईलच. आधी घराण्याची ओळख करून घेऊ.

वळूच्या पाठीवरून आलेली आई

मिनोसची आई युरोपा ही फिनिशियाची, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची राजकन्या. मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी खेळत असताना तिथे एक पांढराशुभ्र वळू आला. इतका गरीब, की ती सहज त्याच्या पाठीवर बसली. तो उठला, पाण्यात शिरला आणि पोहत थेट क्रीटला गेला. वळू म्हणजे अर्थातच झ्यूस. ग्रीसच्या दोन युरोच्या नाण्यावर हेच चित्र आहे, वळूच्या पाठीवर बसलेली युरोपा.

(मराठीत हे सांगताना ‘बैल’ म्हणून चालत नाही. बैल औताला जुंपतात, तो खच्ची केलेला. इथे वळूच हवा. बैल असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

युरोपाला झ्यूसपासून तीन मुलगे झाले: मिनोस, ऱ्हाडामँथस आणि सार्पेडॉन. झ्यूस नेहमीप्रमाणे निघून गेला. क्रीटचा राजा अस्टेरियन याने युरोपाशी लग्न केलं आणि तिन्ही मुलं आपली म्हणून वाढवली. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. हा अस्टेरियन लक्षात ठेवा, त्याचं नाव पुन्हा येणार आहे.

अस्टेरियन वारला आणि गादीचा प्रश्न आला. मिनोसच्या हक्काला विरोध होता. तो म्हणाला, राज्य मला देवांनीच दिलंय. पुरावा हवा? मी मागेन ते होईल. मग तो समुद्रकाठी उभा राहिला आणि त्याने समुद्राचा देव पोसायडन याला नवस बोलला: पाण्यातून एक वळू पाठव, तो तुलाच बळी देईन.

लाटांतून वळू आला. लोक गप्प झाले, गादी मिळाली. पण तो वळू इतका देखणा होता, की मिनोसचा जीव होईना. त्याने तो आपल्या खिल्लारात सोडला आणि देवाला दुसराच कापला.

या घराण्याचं पुढचं सगळं दुर्दैव इथून निघतं. खून नाही, कपट नाही. नवस फेडताना केलेली हातचलाखी, बस.

पासिफाईची बाजू

मिनोसची राणी पासिफाई ही सूर्याची मुलगी. ‘ओडिसी’त माणसांची डुकरं करणारी सर्सी ही तिची सख्खी बहीण आणि मिडीया तिची भाची. माहेर असं जादूटोण्याचं. मिनोस बाहेरख्याली होता, तेव्हा तिने त्याच्यावर असा मंत्र घातला, की दुसऱ्या बाईजवळ गेला तर त्याच्या शरीरातून साप-विंचू बाहेर पडावेत, असंही एक कथा सांगते. म्हणजे ही बाई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

पोसायडनने सूड घेतला तो हिच्याकरवी. त्याने पासिफाईला त्याच वळूच्या प्रेमात पाडलं. तिने डेडॅलसला गाठलं. डेडॅलस हा अथेन्सचा कारागीर, पण अथेन्समधून परागंदा झालेला. त्याचा भाचा त्याच्याच हाताखाली शिकत होता. सापाच्या जबड्यातले दात पाहून त्या पोराने करवत शोधून काढली. मामाला ते सहन झालं नाही आणि त्याने भाच्याला अ‍ॅक्रोपोलिसच्या कड्यावरून ढकलून दिलं. मग क्रीटला येऊन मिनोसच्या दरबारात राहिला.

डेडॅलसने लाकडाची गाय केली: आतून पोकळ, खाली चाकं, वर खऱ्या गाईचं कातडं शिवलेलं. वळू चरायचा त्या कुरणात ती नेऊन ठेवली आणि पासिफाई आत बसली.

तिला मूल झालं ते वळूच्या डोक्याचं. जग त्याला मिनोटॉर म्हणतं, म्हणजे ‘मिनोसचा वळू’. पण ते टोपणनाव झालं. घरात त्याचं नाव अस्टेरियन ठेवलं होतं. आजोबांचं नाव! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबलो होतो. ज्या पोराला पुढे डेडॅलसने बांधलेल्या भूलभुलैयात कोंडलं, त्याला आधी रीतसर घराण्यातलं नाव दिलं होतं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातला एक एट्रुस्कन प्याला आहे. त्यावर पासिफाई बसली आहे आणि तिच्या मांडीवर इवलंसं वळूच्या डोक्याचं बाळ. राक्षसबिक्षस काही नाही, आई आणि तिचं तान्हं मूल.

नाटककार युरिपिडीसने या प्रसंगावर एक नाटक लिहिलं होतं. ते हरवलं, पण त्यातलं पासिफाईचं एक भाषण तुकड्यात टिकून राहिलं आहे. ती मिनोससमोर उभी राहून म्हणते त्याचा आशय असा: मी चोरून एखाद्या पुरुषाकडे गेले असते, तर तुम्ही मला खुशाल छिनाल म्हणा. पण वळूच्या प्रेमात कुणी आपल्या मनाने पडतं का? त्याच्यात काय पाहून भुलायचं होतं मी? हे देवाने लावलेलं वेड आहे, आणि देव चिडला तुमच्यामुळे. वळू कापायचं वचन तुम्ही दिलं होतं. मोडलंत तुम्ही, भोगतेय मी.

या युक्तिवादाला न्यायी मिनोसने काय उत्तर द्यावं? नाटकात तो तिला कोंडून टाकायचा हुकूम देतो.

पोरं

मिनोस-पासिफाईला चार मुलगे आणि चार मुली. सगळ्यांची कथा सांगत बसत नाही. पण ज्यांची सांगतो त्यांत वळू कुठे कुठे डोकं वर काढतो ते पाहा.

अँड्रोजिअस हा खेळाडू. अथेन्सच्या मोठ्या क्रीडामहोत्सवात गेला आणि सगळ्या स्पर्धा जिंकून बसला. परत आलाच नाही. एक कथा म्हणते, हरलेल्यांनी वाटेत दबा धरून मारला. दुसरी म्हणते, अथेन्सचा राजा एजियस याने त्याला मॅरेथॉनच्या मोकाट वळूवर पाठवलं आणि वळूने त्याला मारलं. तो वळू कुठला? क्रीटचाच! मिनोसने न कापलेला. हेराक्लिसने आपल्या बारा पराक्रमांपैकी एक म्हणून तो क्रीटहून पकडून नेला होता आणि तो सुटून तिथे पोचला होता.

बातमी आली तेव्हा मिनोस पारोस बेटावर पूजेला बसला होता. त्याने डोक्यावरची फुलांची माळ काढून फेकली, बासरीवाल्याला थांबवलं, पण पूजा अर्धवट सोडली नाही. पुढे शतकानुशतकं पारोसवर त्या देवतांची पूजा बासरीविना, माळेविना होत राहिली. एकदा देवाचं अर्धवट ठेवल्याची अद्दल घडलेला माणूस मुलगा गेल्याच्या क्षणीही पूजा पुरी करतो, असा मी तरी याचा अर्थ लावतो.

मग त्याने अथेन्सवर स्वारी केली. नगरात दुष्काळ आणि रोगराई पसरली, देववाणी झाली की मिनोस मागेल ते द्या, आणि त्याने चौदा पोरं मागितली. दरवर्षी, असं काही सांगतात; इतर सांगतात, दर नवव्या वर्षी. हा नऊचा आकडा गमतीचा आहे. क्रीटच्या परंपरेत मिनोस दर नवव्या वर्षी झ्यूसच्या गुहेत जायचा आणि नवे कायदे घेऊन परत यायचा. प्लेटोने तर आपला ‘लॉज’ हा संवाद इथूनच सुरू केला आहे. म्हणजे आकडा तोच. क्रीटमध्ये त्या वर्षी कायदे येतात, अथेन्समधून त्या वर्षी जहाज निघतं.

तिसऱ्या खेपेच्या जहाजात एजियसचा मुलगा थिसियस स्वतः आला. पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं: राजकन्या आरिआद्नी त्याच्या प्रेमात पडते, त्याला दोऱ्याचा गुंडा देते, तो दोरा दाराला बांधून आत जातो, मिनोटॉरला मारतो आणि दोरा धरून बाहेर येतो. इंग्रजीतला ‘क्लू’ हा शब्द मुळात अशा गुंड्यासाठीचाच. आरिआद्नी त्याच्याबरोबर पळाली आणि त्याने तिला वाटेत नाक्सोस बेटावर झोपलेली सोडून दिली. तिथे तिला डायोनायसस देवाने बायको करून घेतलं, हा त्यातल्या त्यात बरा शेवट. होमरकडे तोही नाही, तिथे ती मारलीच जाते.

आणि ज्याला तिने मारवलं तो तिचा भाऊ होता, हे वाक्य बहुतेक पुस्तकांत सापडत नाही.

धाकटी फेद्रा. तिचं लग्न नंतर झालं ते थिसियसशीच. बहिणीला सोडून गेलेल्या, भावाला मारलेल्या माणसाशी. तिथे प्रेमाच्या देवीच्या कोपाने तिचं मन सावत्र मुलावर, हिपॉलिटसवर जडलं. तिने गळफास घेतला आणि जाताना त्याच्यावर खोटा आळ घेणारी चिठ्ठी ठेवली. बापाने मुलाला शाप दिला. हिपॉलिटस रथातून किनाऱ्याने जात असताना समुद्रातून एक प्रचंड वळू उसळून आला, घोडे बिथरले आणि तो फरफटत गेला. पुन्हा समुद्र, पुन्हा पोसायडन, पुन्हा वळू.

काट्रियस हा आणखी एक मुलगा. त्याला देववाणी झाली की तुझंच मूल तुला मारेल. ते टाळायला त्याचा मुलगा स्वतः देश सोडून ऱ्होड्स बेटावर गेला. म्हातारपणी काट्रियस राज्य सोपवायला त्याला शोधत तिकडे गेला, तर गुराख्यांना वाटलं चाचे आले. तो ओरडून आपण कोण ते सांगत होता, पण कुत्री इतकी भुंकत होती की कुणाला ऐकू जाईना. मुलगा धावत आला आणि त्याने भाला फेकला.

या काट्रियसची मुलगी एरोपी. तिचे मुलगे अ‍ॅगॅमेम्नॉन आणि मेनेलेयस. म्हणजे मिनोस हा मेनेलेयसचा पणजोबा. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस मेनेलेयसच्या स्पार्टात पाहुणा म्हणून आला होता. नऊ दिवस पाहुणचार झाला आणि दहाव्या दिवशी मेनेलेयसला क्रीटला जावं लागलं, आजोबा काट्रियसच्या अंत्यविधीला. घरात यजमान नाही हे पाहून पॅरिसने त्याची बायको हेलन हिला पळवलं. ट्रोजन युद्ध सुरू झालं ते मिनोसच्या घरातल्या मयतीमुळे! त्या युद्धात क्रीटची ऐंशी जहाजं घेऊन आलेला इडोमेनियस हाही मिनोसचाच नातू.

मधाचा रांजण

या सगळ्या अंधारात एक गोष्ट वेगळी आहे. मला ती सगळ्यांत आवडते.

धाकटा ग्लॉकस लहान असताना उंदरामागे पळता पळता मधाच्या रांजणात पडला. घरभर शोध, पोर सापडेना. मिनोसला सांगण्यात आलं, तुझ्या खिल्लारात तीन रंग बदलणारी गाय आहे. तिला जो नेमकी उपमा देईल तोच तुझं मूल परत देईल. मोठमोठे ज्योतिषी आले. पॉलिइडस नावाच्या एकाने सांगितलं, ही गाय म्हणजे काटेरी झुडपावरची बेरी: आधी पांढरी, मग लाल, मग काळी. आपल्याकडचा कुणी असता तर करवंद म्हणाला असता.

पॉलिइडसने पोर शोधलं, पण मेलेलं. मिनोस हटून बसला, मला जिवंत हवा. आणि त्याने पॉलिइडसला प्रेताबरोबर कोंडून घातलं. हे कोंडणं त्याच्या स्वभावातच होतं: बायको, सावत्र पोर, कारागीर, ज्योतिषी, सगळ्यांना एकच औषध.

आत एक साप आला. पॉलिइडसने दगडाने त्याला मारलं. दुसरा साप आला, मेलेल्या सोबत्याला पाहून परत गेला आणि कसलीशी वनस्पती तोंडात धरून आणली. ती अंगावर टाकताच मेलेला साप हलला. पॉलिइडसने तीच वनस्पती पोराच्या अंगावर ठेवली. ग्लॉकस उठून बसला.

मिनोसचं तरीही समाधान नाही. ही विद्या पोराला शिकव, मगच घरी जा! पॉलिइडसने निमूटपणे शिकवली. निघताना जहाजाशी त्याने ग्लॉकसला सांगितलं, माझ्या तोंडात थुंक. पोर थुंकलं आणि शिकलेलं सगळं विसरलं.

शंख आणि मुंगी

थिसियस निसटला तो दोऱ्यामुळे, आणि दोऱ्याची युक्ती आरिआद्नीला डेडॅलसने दिली होती. मिनोसने त्याला मुलासकट भूलभुलैयात टाकलं. मेणाचे पंख लावून दोघांचं उडणं, मुलगा इकॅरसचं पडणं हे प्रसिद्धच आहे. डेडॅलस मात्र सिसिलीला पोचला आणि कोकॅलस राजाकडे लपला.

मिनोसने त्याला शोधायची पद्धत काढली ती फार हुशारीची. तो गावोगाव एक पीळदार शंख घेऊन जायचा आणि म्हणायचा, यातून दोरा ओवून दाखवणाऱ्याला मोठं बक्षीस. कोकॅलसने शंख गुपचूप डेडॅलसला दिला. त्याने टोकाला भोक पाडलं, मुंगीला दोरा बांधला आणि तिला आत सोडलं. ओवलेला शंख हातात येताच मिनोस समजला. असं डोकं एकाचंच. राहवलं नाही डेडॅलसला. तिथेच पकडला गेला बिचारा.

मिनोसने त्याला मागितलं. कोकॅलस म्हणाला, देतो, आधी स्नान करून घ्या. राजाच्या मुलींनी मिनोसवर उकळतं पाणी ओतलं. समुद्राच्या धन्याचा शेवट परक्या घरच्या न्हाणीघरात झाला.

मग तो खाली गेला आणि न्यायाधीश झाला. प्लेटोच्या ‘गॉर्गियास’मध्ये तिथलं कोर्ट नीट मांडलेलं आहे: आशियातले आत्मे ऱ्हाडामँथसकडे, युरोपातले एअ‍ॅकसकडे, आणि दोघांना संशय आला तर शेवटचा निकाल मिनोसचा. अपिलाचं कोर्टच म्हणा. पुढे इटालियन कवी दान्तेने नरकाच्या दुसऱ्या वर्तुळाच्या दाराशी त्यालाच बसवलं, फक्त शेपटी लावून. मायकेलँजेलोने व्हॅटिकनमधल्या भिंतीवर त्याला रंगवलं तेव्हा त्याला आपल्या चित्रावर टीका करणाऱ्या पोपच्या एका अधिकाऱ्याचा चेहरा दिला आणि वर गाढवाचे कान.

बदनामी कुणी केली?

होमर त्याला झ्यूसचा जिवलग म्हणतो (आरिआद्नीच्या संदर्भात एकदाच ‘घातकी मनाचा’ म्हणतो, तेही खरं). थुसिडिडीस हा काटेकोर इतिहासकार सांगतो, की ऐकीव माहितीप्रमाणे पहिलं आरमार मिनोसचं. त्याने बेटं वसवली, चाचे हटवले. मग खलनायक आला कुठून?

उत्तर ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने देऊन ठेवलंय, इसवीसनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात. तो म्हणतो, ज्या नगरापाशी भाषा आणि साहित्य आहे त्याच्याशी वैर धरणं फार महागात पडतं. अथेन्सच्या रंगभूमीवर मिनोसला सतत शिव्या खाव्या लागल्या आणि होमरने केलेली स्तुतीही त्याच्या कामी आली नाही. आज उरलेली ग्रीक नाटकं पाहा, जवळपास सगळी अथेन्सच्या रंगमंचासाठी लिहिलेली. थिसियस त्यांचा लाडका राजा. त्याला मोठं करायचं तर समोर राक्षस हवा. इतकंच काय, क्रीटमध्ये जे जे अद्भुत बांधलं गेलं ते बांधणाराही त्यांच्या गोष्टीत अथेन्सचाच!

क्रीटच्या लोकांचं म्हणणंही प्लुटार्कनेच टिपून ठेवलंय. त्यांच्या मते भूलभुलैया हा साधा तुरुंग होता. कैदी पळू शकत नसत, याखेरीज त्यात वाईट काही नव्हतं. अँड्रोजिअसच्या स्मरणार्थ खेळ भरायचे आणि जिंकणाऱ्याला ही मुलं बक्षीस म्हणून दिली जायची. गुलामगिरीच ती, पण कुणी कुणाला खात नव्हतं.

आणखी एक. क्रीटमधल्या क्नोसॉस नगराच्या चांदीच्या नाण्यांवर भूलभुलैया कोरलेला दिसतो. सात फेऱ्यांची जी आकृती त्यांवर आढळते, तिच्या रेषेवरून बोट फिरवून पाहा. वाट एकच आहे. कुठेही फाटा नाही, चुकायला जागाच नाही. वळत वळत तुम्ही मध्यभागी पोचताच. त्यात दोऱ्याची गरज काय? याच घाटाची आकृती कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूच्या चक्रव्यूहासाठी कोरलेली आहे.

मिनोस खरोखर होऊन गेला का? तसा पुरावा नाही. पण क्नोसॉस आहे. तिथे १८७८ मध्ये पहिली कुदळ मारली ती हेराक्लिऑनच्या एका हौशी व्यापाऱ्याने. त्याचं नाव मिनोस कालोकेरिनोस. हो, मिनोसच. त्याला मोठमोठ्या रांजणांनी भरलेली कोठारं सापडली. नंतर १९०० मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्सने पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. शेकडो खोल्यांचा राजवाडा, भिंतीवर वळूवरून कोलांटी मारणारे तरुण, आणि त्या अख्ख्या संस्कृतीला त्याने नाव दिलं ‘मिनोअन’. या माणसांनी स्वतःला कधी तसं म्हटलेलं नाही.

तिथे मातीच्या पाट्याही मिळाल्या, हिशेबाच्या. त्यांतल्या ‘लिनियर बी’ या लिपीचा उलगडा मायकेल व्हेन्ट्रिसने १९५२ मध्ये केला. मेंढ्या, लोकर, तेल, कुणाला किती दिलं. त्यांतली एक पाटी देवांच्या नैवेद्याची आहे. तिथे एक शब्द येतो, ‘दापुरितो’, आणि बहुतेक अभ्यासक तो ‘लॅबिरिंथ’, म्हणजे भूलभुलैया, असाच वाचतात. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची ती नोंद एवढीच: सगळ्या देवांना मिळून मधाचा एक रांजण. भूलभुलैयाच्या स्वामिनीला मधाचा एक रांजण.